पिठाची विरी

शाळूचं पीठ परातीत घेतलं की जाणती बाई एका भाकरीपुरतंच पाणी घालते. दहा भाकऱ्या थापायच्या असल्या तरी दहांचं पीठ एकदम भिजवून ठेवत नाही. ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो. भिजवलेलं पीठ बसून राहिलं की सैल पडतं आणि थापताना कडा फाटतात. म्हणून गोळा तळहाताच्या टाचेखाली रगडायचा, लगेच थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा. पीठ दळून पंधरा-वीस दिवस झाले असतील तर विरी, म्हणजे पिठाचा धरून राहायचा गुण, गेलेली असते. मग आधणाचं पाणी घालून कशीबशी वेळ मारून न्यायची.

जत-आटपाडीकडच्या ख्रिस्ती घरात हे काम चाललेलं असताना ओठांवर 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही ओळ असली, तर तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. येशूनं शिष्यांना शिकवलेली ही 'प्रभूची प्रार्थना' बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि थोडी आखूड होऊन लूकच्या अकराव्यात. भाषांतर करणाऱ्यांनी 'भाकर' लिहिलं, पोळी किंवा पाव लिहिलं नाही, हे मराठी मंडळींवर त्यांचे उपकारच. 'रोजची' या शब्दासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो नव्या करारात या प्रार्थनेखेरीज कुठंही येत नाही. आजच्यापुरती, गरजेपुरती, येणाऱ्या दिवसाची, असे त्याचे अर्थ अभ्यासक लावत आले आहेत. वर्षाची भाकर मात्र कुणीच म्हणत नाही.

बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवानं दिलेलं अन्न, तोही असाच. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, रोज सकाळी गोळा करायचा. उद्यासाठी ठेवला तर किडे पडायचे नि घाण सुटायची. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातवा विसाव्याचा. प्रार्थनेचंही तेच आहे. रविवारच्या उपासनेत दीड तास बसून आठवड्याची बेगमी करता येत नाही. बुधवारपर्यंत तिची विरी जाते, आणि शनिवारी घरात जो तमाशा होतो त्याला ती पुरत नाही.

आता वेळ. पुस्तकांतून 'पहाटेची शांत वेळ' असं लिहिलेलं असतं. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू अगदी पहाटे उठून एकांतात गेला, त्यावरून. पण ज्याच्या विहिरीवर एक आठवडा दिवसाची लाईट आणि एक आठवडा रात्रीची, त्याची पहाट कुठली धरायची? रात्री दोनला मोटार चालू करून आलेला माणूस पाचला गुडघे टेकेल, पण डोकं गादीवरच टेकेल. येशूला धरलं त्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्यांचंही तेच झालं होतं आणि त्यांना तर कांदा-उसाला पाणी पाजायचं नव्हतं. अशा घरांत घड्याळापेक्षा कामाला प्रार्थना बांधलेली टिकते. चहाचं आधण ठेवलं की, डेअरीला दूध घालून आलं की, मोटारीचा आवाज एकसारखा लागला की. काम चुकत नाही, म्हणून प्रार्थनाही चुकत नाही. स्तोत्र ५५ मध्ये संध्याकाळ, सकाळ आणि दुपार अशा तीन वेळा आहेत, बायबलातला दानीएलही दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. पण नव्यानं सुरू करणाऱ्यानं तिन्हीच्या मागं लागू नये. एक पक्की झाली की दुसरी आपोआप ओढली जाते.

जागेचाही प्रश्न आहेच. 'आपल्या खोलीत जा व दार लावून घे' हे येशूचं सांगणं वाचायला ठीक. दोन खोल्यांच्या घरात एकीत टीव्ही, दुसरीत सासूबाई. बायका डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडं तोंड करून बसतात आणि तेवढं दार पुरतं. घरातल्यांना ते कळतं. पदर डोक्यावर असेपर्यंत कुणी मीठ कुठंय विचारत नाही. निदान विचारू नये.

संध्याकाळची कुटुंबप्रार्थना वेगळी. सतरंजी, एक गीत, एक वाचन, एकाची प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वीस मिनिटांत उरकावी. पाश्चात्त्य चालीची गीतं पेटीशिवाय तिसऱ्या ओळीत घसरतात. अभंगाची चाल टाळीवरही उभी राहते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं सांगणारे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१७ मध्ये साताऱ्यात येशूभक्तांचा 'देवाचा दरबार' मांडून बसले होते. आज कुठल्याही मराठी ख्रिस्ती मंडळीत टाळ वाजला की त्यात त्यांचा वाटा असतोच. कॅथलिक घरांत गीताऐवजी रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ: ५ दशकं, प्रत्येकात 'नमो मरिया' १० वेळा. घाई केली नाही तर तीही पंधरा-वीस मिनिटंच घेते.

वाचनात माणसं अडकतात ती ठरावीक ठिकाणी. बायबलचे अध्याय ११८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात पुरे होतात. हिशेब चोख, पण या वेगानं उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपून जानेवारीअखेर लेवीय हे तिसरं पुस्तक लागतं. यज्ञपशूंच्या चरबीचे नियम, कुष्ठाची लक्षणं... फेब्रुवारीत खूण त्याच पानावर राहते ती पुढच्या नाताळापर्यंत. त्यापेक्षा रोज एक स्तोत्र घ्यावं. १५० स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. फक्त ११९ वं आलं की त्याचे २२ भाग पाडावेत. १७६ वचनं एका बैठकीत ऐकवलीत तर मुलं पुन्हा सतरंजीवर यायची नाहीत.

नावांच्या वहीचंही असंच. मध्यस्थीसाठी, म्हणजे दुसऱ्यांसाठी मागायला, नावं लिहून ठेवणं चांगलं, पण वही वाढत जाते. साठ नावं झाली की प्रार्थना उसतोड मुकादमाच्या हजेरीसारखी ऐकू येते. सात दिवसांची सात पानं करावीत, पानावर पाच-सहा नावं, पुढं तारीख. ज्याचं काम झालं त्याच्यापुढं दुसरी तारीख टाकून उपकारस्तुती करावी. मागायचं लक्षात राहतं, आभाराचं विसरतं. आणि 'प्रार्थनेचा विषय' म्हणून शेजारणीच्या सुनेची माहिती पसरवू नये. हा रोग प्रार्थनासभांत जुना आहे.

दुसरा रोग म्हणजे प्रार्थनेतून दिलेला उपदेश. 'हे प्रभू, या घरात काहींना रात्री अकराला यायची सवय लागली आहे.' प्रभूला ते ठाऊक असतं. सांगायचं असतं ते पलीकडं डोळे मिटून बसलेल्या पोराला. पोरगा आमेन म्हणत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

एक गंमत मात्र मराठीचीच. पाळकसाहेबांना 'आपण', सासऱ्यांना 'तुम्ही' म्हणणारी सून देवाला बेधडक 'तू' म्हणते. विठोबाला म्हणतात तसंच. पण त्या 'तू'च्या भोवतीची भाषा छापील असते. रोज 'आमाला' बोलणारा माणूस डोळे मिटताच 'आम्हांस' म्हणतो, 'सोडव'चं 'सोडीव' होतं. त्यात खोटेपणा नाही; आजोबांच्या तोंडून ऐकलेली भाषा आहे ती. तरी मागणं मागायच्या वेळी स्वतःच्या बोलीत यावं. 'म्हशीला ताप हाय, बघ जरा' हे देवाला समजतं.

आजाऱ्याजवळची प्रार्थना सर्वांत आखूड हवी. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं इस्पितळ उघडलं. तेव्हापासून या भागातल्या ख्रिस्ती माणसांना खाटेशेजारी उभं राहून प्रार्थना करायची सवय आहे, आणि चुकायचीही. आधी रुग्णाला विचारावं, नाव घेऊन मागावं, दोन मिनिटांत थांबावं. सलाइनच्या हातावर हात ठेवू नये. 'देवाची इच्छा' हे शब्द नातेवाइकांच्या तोंडून येऊ द्यावेत, आपण नेऊन देऊ नयेत. गोळ्या बंद करायला तर अजिबात सांगू नये.

प्रभूच्या प्रार्थनेत भाकरीनंतर लगेच ऋण येतं. पोट आधी, हिशेब नंतर. लूकमध्ये तिथं पापं आहेत. मत्तयात ऋणच आहे, आणि ज्यांचं सोसायटीचं पीककर्ज उसाच्या बिलातून परस्पर कापलं जातं त्यांना त्या शब्दाचं वजन माहीत असतं. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे.' सोडू असं नाही, सोडले आहे. आधी तुमची पावती दाखवा, मग मागा. ज्या घरात बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणं बंद आहे, तिथं ही ओळ जरा भरभर म्हटली जाते. बाकीची प्रार्थना सावकाश आणि एवढंच वाक्य पळतं. मोठ्यांना वाटतं कुणाच्या लक्षात येत नाही. पोरांच्या बरोबर लक्षात येतं, कारण पाठ करताना त्यांचाही वेग तिथंच वाढतो.

तेवढ्यात चुलीवरून करपल्याचा वास येतो. चुलीपाशी बसलेलीनं एक डोळा उघडाच ठेवलेला असतो. ती आमेनची वाट न बघता हात पुढं करून भाकर उलटते.