जर्मनीत जन्मलेल्या लेकीला आजोळी नेताना

आमची मुलगी ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टुटगार्टजवळच्या एका लहान शहरात जन्मली. पहिला वाढदिवस येण्याआधी तिला सातारा जिल्ह्यातल्या माझ्या माहेरी एकदा तरी न्यावे, अशी आम्हा दोघांची इच्छा होती आणि माझी आजी नव्वदीच्या घरात असल्यामुळे ही भेट पुढे ढकलण्यासारखी नव्हती. विमानाचे तिकीट काढणे हे या प्रवासातले सर्वांत शेवटचे आणि सर्वांत सोपे काम आहे, हे मला गरोदरपणात ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने सांगितले होते. त्याआधी जन्मदाखला, नागरिकत्वाची नोंदणी, पासपोर्ट आणि निवास परवाना हे सारे याच क्रमाने व्हावे लागते आणि त्यातले एकही काम उलटसुलट करता येत नाही.

जर्मनीत जन्मले म्हणजे बाळ आपोआप जर्मन नागरिक होते, असा आपल्याकडे अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात, आई-वडील दोघेही परदेशी असतील तर त्यांपैकी एकाचे जर्मनीत सलग ठरावीक वर्षे कायदेशीर वास्तव्य झालेले असावे लागते आणि त्याच्याकडे कायमस्वरूपी निवासाचा हक्क असावा लागतो. ही मुदत पूर्वी ८ वर्षे होती. २७ जून २०२४ पासून ती ५ वर्षे झाली. माझ्या नवऱ्याकडे कायमचा परवाना होता, पण तो २०२० मध्ये जर्मनीत आल्यामुळे मुलीच्या जन्माच्या वेळी त्याची ५ वर्षे भरायला काही महिने कमी पडत होते. ती थोडी उशिरा जन्मली असती तर जर्मन नागरिक ठरली असती, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे आमच्या कागदपत्रांची वाटच वेगळी झाली असती. मित्रमंडळींनी याबद्दल बरीच हळहळ व्यक्त केली. मला स्वतःला तिच्या पहिल्या पासपोर्टवर अशोकस्तंभ असणार याचे वाईट वाटले नाही.

खरी परीक्षा जर्मन कागदांची नव्हती, आमच्या स्वतःच्या जुन्या कागदांची होती. बाळाची नोंद करण्यासाठी स्टांडेसाम्ट, म्हणजे जन्म, विवाह व मृत्यूची नोंद ठेवणारे कार्यालय, आई-वडिलांचे जन्मदाखले आणि विवाहाचा दाखला मागते. माझा जन्म तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या दवाखान्यात झाला आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे नगरपालिकेच्या नोंदीत नावाचा रकाना कोराच राहिला होता. लिंग, तारीख, आई-वडिलांची नावे एवढेच त्यात होते. आजवर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माझे सगळे भागले होते, त्यामुळे ही उणीव कधी जाणवलीच नव्हती. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नाव मागाहून घालण्याची सोय आहे. बाबांनी शाळेचा दाखला, माझ्या पासपोर्टची प्रत आणि प्रतिज्ञापत्र घेऊन नगरपालिकेत बऱ्याच फेऱ्या मारल्या आणि नाव असलेला मराठी-इंग्रजी दाखला मिळवला. मग मंत्रालयातले साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा शिक्का, आणि इकडे शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर, असा पुढचा प्रवास.

अपॉस्टिलबद्दल एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. भारत २००५ मध्ये अपॉस्टिलच्या हेग करारात सामील झाला, पण जर्मनीने भारताच्या सहभागावर आक्षेप नोंदवला. त्यामुळे भारतीय अपॉस्टिल मानण्याचे बंधन जर्मन कार्यालयांवर नाही. काही कार्यालये तो पाहून समाधान मानतात, तर काही भारतातल्या जर्मन दूतावासामार्फत कागदपत्रांची प्रत्यक्ष पडताळणी करून घेतात. तीत स्थानिक वकील मूळ नोंदवह्या तपासतो आणि त्यात कित्येक महिने जाऊ शकतात. तोवर बाळाला नेहमीच्या जन्मदाखल्याऐवजी नोंदवहीचा उतारा मिळतो आणि त्यावर पालकांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा असू शकतो. आमच्या गावच्या अधिकारी बाईंना मी पाचव्या महिन्यातच भेटले आणि त्यांना नेमके काय चालेल ते लेखी विचारून घेतले. त्यांना अपॉस्टिल आणि भाषांतर पुरेसे होते. शेजारच्याच शहरात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मात्र पडताळणीला सामोरे जावे लागले.

प्रसूतीच्या तारखेच्या ६ आठवडे आधीपासून नंतरच्या ८ आठवड्यांपर्यंत कायद्याने रजा मिळते, त्यामुळे नोकरीची चिंता नव्हती. आईला बोलावण्यासाठी नवऱ्याने परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन तिच्या खर्चाचे हमीपत्र भरले, आणि शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढला. हा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहू देत नाही, त्यामुळे आई प्रसूतीच्या थोडी आधी आली आणि ती परतल्यावर सासूबाई आल्या. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. म्हणून आईने तूप आणले नाही, डिंक आणि खारीक तेवढी आणली आणि इथल्या लोण्याचे तूप कढवून आमच्या स्वयंपाकघरातच डिंकाचे लाडू वळले. आळीव तर तिला इथल्या बियाण्यांच्या फळीवरच सापडले. जर्मन लोक त्याचे कोंब उगवून पावावर पसरून खातात हे पाहून तिला फार नवल वाटले.

घरी येणाऱ्या सुईणीचा, म्हणजे हेबामेचा, खर्च आरोग्य विमा उचलतो. पहिल्या दहा दिवसांत ती रोज येऊ शकते आणि त्यानंतरही बाळ १२ आठवड्यांचे होईपर्यंत तिच्या भेटी चालू राहतात. मात्र सुईणींची इतकी टंचाई आहे की गरोदरपणाची चाचणी झाल्या झाल्या शोध सुरू करावा लागतो. आमची हेबामे आणि आई यांच्यात समान भाषा नव्हती, तरी मतभेद अगदी स्पष्टपणे व्यक्त होत. तेलाचे मालीश हेबामेला पसंत पडले. नाकाकानात तेल घालणे आणि काजळ तिने ठामपणे नाकारले. आणि आठवड्यातून एक-दोनदा अंघोळ पुरे, हे तिचे म्हणणे आईने ऐकून न ऐकल्यासारखे केले. ओवा आणि बाळंतशोपांची धुरी मात्र कोणाच्या सांगण्याशिवायच बंद झाली, कारण घरात सक्तीने बसवलेले धूरसूचक यंत्र पहिल्याच दिवशी असे काही किंचाळले की शेजारी दारात येऊन उभे राहिले.

नावाचा प्रश्न मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण मराठी कुटुंबांना तो हमखास अडतो. रुग्णालय घरी सोडण्याआधी बाळाचे नाव लिहून मागते, आणि आमच्याकडे नाव ठरते बाराव्या दिवशी, आत्याने कानात सांगितल्यावर. जन्माची नोंद आठवड्याच्या आत करावी लागते हे खरे, पण नाव कळवण्यासाठी जर्मन कायदा एक महिन्याची मुदत देतो. आम्ही रुग्णालयाच्या अर्जात नावाची जागा रिकामी ठेवली, बारसे केले, नणंदेने नाशिकहून फोनवरून कुर्र केले, आणि मग दोघांच्या सहीने नाव कळवले.

दुसरी अडचण वडिलांच्या नावाची होती. जर्मन नोंदीत फक्त नाव आणि आडनाव असे दोनच रकाने असतात. मधले नाव लिहायचे तर ते मुलीचे दुसरे नाव ठरते, आणि मुलीला पुरुषाचे नाव कसे, असा प्रश्न अधिकारी बाईंनी विचारला. मी माझा स्वतःचा पासपोर्ट दाखवला, त्यात माझ्या नावापुढे माझ्या वडिलांचे नाव होतेच. दोघेही पालक भारतीय असल्यामुळे आपल्या देशाच्या पद्धतीने नाव ठेवण्याचा मार्ग खुला होता, पण तशी पद्धत असल्याचा लेखी पुरावा द्यावा लागणार होता आणि त्यात वेळ गेला असता. आम्ही मधले नाव सोडून दिले. सासऱ्यांना ते रुचले नाही. मला विचाराल तर, पुढे आयुष्यभर प्रत्येक विमान कंपनीच्या अर्जात दुसरे नाव कुठे भरायचे हा प्रश्न तिला पडणार नाही, हे त्या नाराजीच्या तुलनेत मोठे आहे. मी लग्नानंतर आडनाव बदललेले नसल्यामुळे तिचे आणि माझे आडनाव वेगळे आहे. म्हणून तिचा जन्मदाखला प्रवासात कायम जवळ ठेवते.

नोंदणी झाल्यावर पैशांचे कागद सरळ मार्गी लागले. वडिलांच्या विम्यात बाळाचे नाव विनामूल्य चढले, २०२४ मध्ये महिना २५० युरो असलेला बालभत्ता सुरू झाला, आणि पालकांच्या रजेतला भत्ता, जो मूळ उत्पन्नानुसार महिना ३०० ते १,८०० युरो असतो, दोन-अडीच महिन्यांनी का होईना, मिळाला. मुलीच्या नावाने आलेले पहिले पत्र कर खात्याचे होते. पासपोर्टच्या कितीतरी आधी तिला कर क्रमांक मिळाला.

आता भारतीय बाजू. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार, ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे पालकांना लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य म्युनिकच्या वकिलातीकडे येते, त्यामुळे आम्ही तिघे रेल्वेने म्युनिकला गेलो. वेंडलिंगेन ते उल्म हा नवा जलदमार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून हा प्रवास बराच आटोपशीर झाला आहे, आणि लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत लहान मुलांसाठी डब्यातला वेगळा कक्ष राखून ठेवता येतो, तिथे दूध पाजणे आणि लंगोट बदलणे सुसह्य होते. स्टांडेसाम्टकडून अनेक भाषांतला आंतरराष्ट्रीय जन्मदाखला घेतला होता, त्यामुळे वेगळे भाषांतर लागले नाही.

सर्वांत कष्टाचे काम छायाचित्राचे निघाले. पांढरी पार्श्वभूमी, डोळे उघडे, तोंड मिटलेले आणि कोणाचाही हात दिसता कामा नये. झोपाळू तान्ह्या बाळाकडून हे सारे एकाच क्षणी साधायला आम्हाला अख्खा रविवार लागला; पांढऱ्या चादरीवर तिला निजवून, नवऱ्याने खुर्चीवर उभे राहून वरून फोटो काढले आणि आईने बाजूला खुळखुळा वाजवला. सहीच्या जागी अंगठ्याचा ठसा उमटवायचा, तोही मूठ घट्ट मिटलेली असताना, हा त्याच्या खालोखालचा उद्योग. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचा असतो. काही आठवड्यांनी तो टपालाने आला.

पासपोर्ट आला म्हणजे निघता येते, असे घरच्यांना वाटत होते, आणि निघता आलेही असते. पण परत येता आले नसते. जर्मनीत जन्मलेल्या परदेशी बाळालाही स्वतःचा निवास परवाना लागतो. तो नसताना बाळ भारतात गेले तर मुंबईतल्या जर्मन वकिलातीतून त्याच्यासाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा काढावा लागतो. अर्ज केल्यावर मिळणाऱ्या तात्पुरत्या प्रमाणपत्रावर विसंबणेही धोक्याचे असते. निवास कायद्याच्या कलम ८१ चे उपकलम ४ त्यावर नमूद असेल, म्हणजे जुन्या परवान्याचे नूतनीकरण चालू असेल, तर त्यावर परत येता येते. पहिल्यांदाच परवाना मागणाऱ्याला मिळणाऱ्या उपकलम ३ च्या प्रमाणपत्रावर देशात राहता येते, बाहेर जाऊन पुन्हा प्रवेश करता येत नाही. दोन्ही कागद दिसायला सारखेच असतात. फरक एका छोट्या खुणेचा. नवऱ्याच्या कार्यालयातल्या मनुष्यबळ विभागाने ‘हे चालेल’ असे सांगितले होते. आम्ही कायद्याचे कलम वाचले आणि परवान्याचे कार्ड येईपर्यंत थांबायचे ठरवले. सहा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, पण कार्ड बर्लिनच्या सरकारी मुद्रणालयातच छापले जाते, आणि भेटीची वेळ मिळण्यातच हिवाळा सरला.

दरम्यान बालरोगतज्ज्ञांशी लसींचे बोलणे झाले. जर्मनीत बीसीजीची शिफारस १९९८ पासून नाही. गोवराची लस इथे एरवी ११ व्या महिन्यापासून देतात, पण प्रवासासारख्या कारणासाठी ती ९ व्या महिन्यापासून देता येते. कार्ड आले तरी आम्ही या लसीसाठी थोडे अजून थांबलो, आणि आजीची फोनवर पुन्हा एकदा समजूत घालावी लागली. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर बसवून नेल्यास भाड्याचा साधारण दहावा हिस्सा पडतो. पाळणा अडकवता येणारी पुढच्या भिंतीजवळची आसने थोडीच असतात, म्हणून तिकीट काढल्याबरोबर फोन करून ती मागून घेतली. दूध आणि उकळून गार केलेले पाणी १०० मिलिलिटरच्या मर्यादेत धरत नाहीत, मात्र तपासणीत ते वेगळे काढून दाखवावे लागते.

ऑगस्टमध्ये आम्ही फ्रँकफुर्टहून मुंबईला आणि तिथून गाडीने साताऱ्याला पोहोचलो. आजीने पणतीला ओवाळले, आणि तिच्या कानामागे काजळाची तीट लावली. या वेळी मी हेबामेचे नाव काढले नाही. परतताना फ्रँकफुर्टच्या सीमा पोलिसाने मुलीचे कार्ड उलटसुलट करून पाहिले, डोळे वटारलेल्या त्या तान्ह्या फोटोशी समोरच्या दोन दातांच्या मुलीची तुलना केली, माझे आडनाव वेगळे का ते विचारले, जन्मदाखला वाचला आणि आम्हाला आत सोडले.