सहावं पातं

दिवाळीनंतरची गोष्ट, अजून डोक्यातून जात नाही. वर्सोव्याच्या एका नाखव्यानं बोटीचं ४० एचपीचं टू-स्ट्रोक मशीन टेम्पोत घालून आणलं, पूर्ण जाम, दोरी जागची हलेना. आल्या आल्या बोलला, मेस्त्री माझीच चूक, गोडं पाणी दिलं नाही.

बोटीवर न गेलेल्यांसाठी सांगतो, या मशीनला रेडिएटर नसतो. समुद्राचंच पाणी खालून ओढतं, इम्पेलर म्हणजे रबरी पात्यांचं चक्र ते वर ढकलतं, इंजिनाभोवती फिरून बाहेर. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ. मशीन बंद केलं की आत राहिलेलं पाणी गरम अल्युमिनियमवर सुकतं, मीठ तिथंच बसतं, रोज थोडं थोडं, आणि एक दिवस वाटच बुजते. म्हणून किनाऱ्याला आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात खालचा भाग बुडवून दहा मिनिटं चालवायचं. सांगायला सोपं. कोळीवाड्यात नळाला पाणी ठरल्या वेळेला येतं, मग बायका हंडे भरणार की हा पिंप भरणार? कंपनीच्या पुस्तकात हे नसतं.

हेड खोलायला अख्खा दिवस गेला. स्टीलचा बोल्ट, अल्युमिनियमचा ब्लॉक आणि मध्ये खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली की, अल्युमिनियमची पांढरी पावडर होते आणि बोल्टला धरून बसते. जोर लावला की बोल्टचं डोकं हातात. गरम करा, हळू ठोका, तेल सोडा, चहा प्या, परत गरम करा. तरी एक तुटलाच, ड्रिल मारून काढला. त्यात कुणीतरी मशीनला लावलेल्या झिंकच्या तुकड्यावर पण रंग मारलेला, चकाचक निळा. अरे झिंक लावतात ते स्वतः झिजायला, त्यालाच झाकलं तर खारं पाणी मशीन खाणार ना! असला पेंटर मला एकदा भेटला पाहिजे.

आत वरच्या सिलिंडरभोवती मिठाचा थर, पिस्टन चिकटलेला. मशीन तापलं की वाजतो तो बझर वाजला नाही कारण वायरचा जोड हिरवा पडून तुटलेला. नाखवा बोलतो, पाणी फिरतंय हे दाखवणारी बाजूची धार तर येत होती. येणारच, या मशीनला ती धार आधीच फुटते, वर तुंबलं तरी येते.

मग मीठ खरवडताना वाटेच्या तोंडाशी चिमट्याला रबर लागलं. इम्पेलरचं पातं. लावलेला इम्पेलर काढून बघितला, सहाच्या सहा पाती शाबूत. म्हणजे हे आधीच्यातलं, आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तो मीच बदलला होता. जुन्याला एक पातं कमी होतं हे मला चांगलं आठवतं. तेव्हा पंपात बोट फिरवलं, नळीतून पाणी मारलं, काही निघालं नाही, बाहेर तीन मशीन थांबलेली आणि याला नारळी पौर्णिमेआधी पाहिजे होतं. जोडलं आणि दिलं.

मीठ पण होतं, खोटं नाही. पण मिठानं वाट बुजली की पात्यामुळे आधी पाणी कमी झालं आणि मग त्या गरमीत मीठ साचलं, हे ब्लॉक बघून कळत नाही, चार वेळा बघितला. नाखवा बाहेर बसून फोनवर बायकोला सांगत होता, मेस्त्रीनं बजावलं होतं गं, आपणच ऐकलं नाही.

मजुरी घेतली नाही, फक्त पार्टचे पैसे घेतले. का विचारलं तर बोललो, जुनं गिऱ्हाईक आहात. पुढच्या आठवड्यात तो दोन मोठी पापलेटं देऊन गेला. बायकोनं तळली. मी खाल्ली पण.