हिरोशिमात ५५ नंबरच्या माझदासमोर

माझदा या मोटार कंपनीचं संग्रहालय बघायला सकाळी सान्यो मार्गाची लोकल पकडून मुकाइनादाला उतरलो. हिरोशिमापासून दुसरंच स्टेशन. माझदाचं मुख्यालय तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. संग्रहालय कारखान्याच्या आवारात आहे, त्यामुळे मुख्यालयातून कंपनीची बस नेते. प्रवेश फुकट, पण आगाऊ नोंदणीशिवाय आत सोडत नाहीत. इंग्रजी फेरीच्या जागा मोजक्या असतात, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी तारीख पक्की करा. ७८७बी, म्हणजे ती ५५ नंबरची शर्यतीची गाडी, अधूनमधून कार्यक्रमांसाठी बाहेर नेतात, हेही आधी विचारून घ्या.

जुन्या तीनचाकी टेम्पोंसमोर मी फार थांबलो नाही. केशरी-हिरवी गाडी दिसली आणि पाय तिथेच खिळले. १९९१ साली फ्रान्समधल्या ल माँची २४ तासांची शर्यत जिंकणारी हीच ती! जपानी कंपनीचा तिथला पहिला विजय, आणि तोही रोटरी इंजिनावर, ज्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात. शेजारी मांडलेलं चार रोटरचं इंजिन नीट बघा. त्रिकोणी रोटरच्या टोकांवरच्या बारीक पट्ट्या घरंगळत नाहीत, भिंतीला सतत घासत फिरतात. रोटरी इंजिनाचं सगळ्यात नाजूक दुखणं तेच. माझदाने त्या पट्ट्या सिरॅमिकच्या केल्या, आणि इंजिन ३६२ फेऱ्या टिकलं.

वजनाचाही फायदा होता: माझदाला ८३० किलोची मुभा, तर मर्सिडीज आणि जॅग्वार हजारच्या घरात. तरी मर्सिडीज आरामात पुढे होती. शेवटचे तीनेक तास उरले असताना तिचं इंजिन तापलं आणि माझदा पुढे गेली. माझदाचा चालक जॉनी हर्बर्ट शेवटपर्यंत गाडीतच बसून राहिला. उतरल्यावर पाण्यावाचून कोसळला, त्यामुळे त्याला विजयमंचावर जाता आलं नाही. २० वर्षांनी, २०११ मध्ये, हीच गाडी ल माँला चालवल्यावर तो मंचावर उभा राहिला. हे आठवून मला तिथे भरून आलं.

ही जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. ३.५ लिटरच्या पिस्टन इंजिनांचा नियम आधीच ठरलेला होता.

फेरी साधारण दीड तासाची, आणि गाडीपाशी फार वेळ मिळत नाही. म्हणून गाइड निघाला की फोटो आवरा आणि मागच्या बाजूने एकदा वाकून बघा. जुळणीच्या लाइनवर कॅमेरा चालत नाही. जाण्याआधी या इंजिनाचा आवाज हेडफोन लावून ऐकून जा, कारण संग्रहालयात गाडी गप्प उभी असते.