केलेलं तोंड, आलेलं तोंड

रविवार, रात्री साडेअकरा

मुंजीचे फोटो आज आले. एकूण ८४०. त्यातले दोनशे अल्बमसाठी निवडायचे, आणि हे काम वन्संनी माझ्या गळ्यात मारलंय. "तू चित्रकलेची बाई, तुला कळतं त्यातलं." शाळेत इलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवते म्हणून मला दोनशे फोटो निवडता यावेत, हा हिशोब मला अजून कळलेला नाही. असो.

५११ नंबरला सगळी भावंडं एका ओळीत उभी. नऊ जण, हात शरीराला चिकटलेले, चेहरे आधार कार्डावरचे. आणि लगेच ५१२. तेच नऊ जण, तेच कपडे, फार तर दोन सेकंदांचं अंतर. आमच्या सईने गाल फुगवून दोन्ही बुबुळं नाकाच्या शेंड्यावर आणलीत. तिच्या चुलतबहिणीने, जी पैठणीचा परकर नीट राहावा म्हणून सकाळभर बसलीसुद्धा नव्हती, नाकपुड्या वर ओढून धरल्यात. मधोमध पळसाचा दंड धरून बटू, जीभ हनुवटीला टेकवायच्या प्रयत्नात. कोणी एक-दोन-तीन म्हटलेलं नसणार, तरी नऊच्या नऊ तोंडं एकदम फिरलीत. कवायतीला हे कधी जमत नाही यांना.

सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. "माकडचेष्टा मेल्या. हा घालू नकोस हो अल्बमात." मग जरा थांबून, "डोळे असे केले की तसेच राहतात, सांग तिला." हे मलाही माझ्या आजीने सांगितलं होतं.

पण मी सईच्या वयाची असताना असले फोटो आमच्याकडे नव्हतेच. बाबांच्या कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल. गणपतीत घातलेला दिवाळीत संपायचा, मग धुवायला जायचा, आणि त्यातले चार-पाच पांढरे यायचे. वेडावून एक फोटो वाया घालवला असता तर पाठीत धपाटा ठरलेला. आता फोटो फुकट झाला म्हणून पोरं तोंडं वेंगाडतात, असं म्हणून मोकळं होता येईल. पण मग सहा वर्षांचं पोर का नाही करत? त्याला हस म्हटलं की असतील नसतील तेवढे दात दाखवतं. आणि आमचे हे का नाही करत? हे नेमकं आठवी-नववी-दहावीतच बहरतं.

नववीच्या वर्गाला मी दरवर्षी आरशात बघून स्वतःचा चेहरा काढायला देते. पाचवीत हाच विषय दिला तर दहा मिनिटांत चाळीस हसरे गोळे तयार. नववीत मात्र अर्धा तास कोणी पेन्सिल टेकवत नाही. आरसा तिरका धरतील, केस पुढे घेतील, नाक आहे त्यापेक्षा बारीक काढून खोडतील. "बाई, मी दुसऱ्या कोणाचं काढू का?" हा प्रश्न दर वर्षी येतो.

त्यात फोटो आणखी दगा देतो. आपल्या ओळखीचा आपला चेहरा आरशातला, म्हणजे उलटा. फोटोत तो सुलट येतो, भांग भलत्याच बाजूला जातो, आणि वाटतं हे कोण? १९७७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. काही तरुणींना त्यांचेच फोटो दाखवले, एक सुलट आणि एक आरशासारखा उलटा. बहुतेकींना स्वतःचा उलटा आवडला, त्यांच्या जवळच्या माणसांना मात्र सुलट. चौदाव्या वर्षी चेहरा तसाही दर महिन्याला बदलत असतो. आधी नाक वाढतं, बाकीचा चेहरा सावकाश मागून येतो. आणि आख्खं जग आपल्या त्या नाकाकडेच बघतंय ही खात्री. डेव्हिड एल्काइंड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं. आमच्या वर्गात बाकागणिक एक थिएटर भरलेलं असतं.

डच चित्रकार रेम्ब्रांटही आठवला. १६३० साली, जेमतेम चोविशीत, लायडनमध्ये बसून त्याने आरशात बघत स्वतःचीच तोंडं तांब्याच्या पत्र्यावर कोरली. एकात भुवया आवळून खेकसतोय, एकात डोळे वटारून तोंड उघडं. आकार म्हणाल तर काडेपेटीएवढा. भाव कसे काढायचे त्याचा तो सराव होता, हे शाळेत शिकवते मी. पण डोळे वटारलेलं ते चित्र आणि ५१२ शेजारी ठेवले तर सासूबाई दोन्ही नापास करतील.

तर सई मागून येऊन उभी राहिली. "५१२ घे हं आई, भारी आलाय." घेतला. पुढे सरकले, आणि ५३८ आला. पंगतीत बसलीये, कोणीतरी काहीतरी बोललंय, ही मान मागे टाकून हसतेय. डोळे मिटलेले, ओठावर मठ्ठ्याची मिशी, गळ्याला एक वळी. मला तर सगळ्या ८४० मध्ये तोच आवडला.

"आई, डिलीट. आत्ताच्या आत्ता."

"अगं, ५१२ मध्ये याच्या दहापट भयानक दिसतेस!"

"ते तोंड मी केलंय. हे आलंय."

एवढं बोलून ती पाणी प्यायला निघून गेली, आणि मी माऊसवर हात ठेवून बसले. मी तरी वेगळं काय करते? कॅमेरा दिसला की पोट आत, मान किंचित डावीकडे, ओठ मिटून अर्धं हसू, म्हणजे पुढचा वाकडा दात दिसत नाही. वीस वर्षांच्या सगळ्या फोटोंत माझं तेच एक तोंड आहे. तेही केलेलंच. त्याला फक्त कोणी माकडचेष्टा म्हणत नाही.

५३८ यादीतून काढला. मोबाइलमध्ये उतरवून घेतला होता, तोही तिच्यासमोर उडवला. मग साडेनऊला तिनेच ओरडत फोन आणून दाखवला. वन्संचा डीपी. मठ्ठ्याची मिशी, मिटलेले डोळे, खाली 'आमची लाडू'.

वन्संना फोन केला. "अगं, किती गोड आलीये! सगळे विचारतायत ही कोण म्हणून." मी म्हटलं, तेच तर. बदलते म्हणाल्या, पण आता झोपायला चाललेय, उद्या सकाळी.

सई तिच्या खोलीत दार लावून बसलीये. दर पाच मिनिटांनी आतून आवाज येतो, "बदलला का?"