काळ्यातलं निळं

जुनी रिव्हॉल्वरं काचेच्या पेटीत मांडलेली दिसली की मी त्यांचा रंग बघत बसतो. बंदुकांतलं मला ओ की ठो कळत नाही, पण या निळ्याने मला कधीच वेड लावलंय. 1955 साली आलेली कोल्ट कंपनीची ‘पायथन’ घ्या. लांबून काळीच वाटते. मान जरा तिरकी केली की काळ्याच्या आतून निळं वर येतं, खोल विहिरीत आभाळ दिसावं तसं. शेजारी ठेवलेली एखादी मात्र कुठूनही बघा, काळी ती काळीच.

गंमत म्हणजे हे निळं वरून फासलेलं नसतं. तो पोलादाचाच गंज! तांबडा गंज लोखंड खातो. हा काळा, मॅग्नेटाइट नावाचा, सायीसारखा धरून राहतो आणि तांबड्याला थोपवतो. काट्याने काटा. अर्थात तेलाचं बोट फिरवावं लागतंच.

हा गंज चढवायच्या रीती निरनिराळ्या. एक फार सोशिक: आम्ल पुसायचं, तांबूस गंज येऊ द्यायचा, उकळत्या पाण्यात तो काळा करायचा, तारेच्या ब्रशने घासायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यातून मऊ, बिनचकाकीचं निळं येतं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या, सुमारे 140 अंश सेल्सियसच्या उकळत्या द्रावणाची रीत रुजली. काम झटपट, रंग काळ्याकडे झुकणारा. पण सगळा दोष त्या द्रावणावर ढकलणं मला पटत नाही. आधी झिलई कशी केली होती? चामडं चढवलेल्या लाकडी चाकांवर पोलाद आरशासारखं झालं असेल तरच निळ्याला खोली येते. ओरखड्यांवर चढलेलं निळं काजळीसारखं दिसतं.

कोल्टच्याच 1873 च्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्वरमध्ये तर एकाच वस्तूत तीन तऱ्हा. नळी गडद निळी. सांगाडा हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात तापवून पाण्यात बुडवलेला. त्यावर राखाडी, पेंढ्यासारखा पिवळा आणि मोरपिशी रंग ढगांसारखे पसरलेले. आणि स्क्रू? ते 300 अंशांच्या आसपास तापवून आणलेले, घड्याळाच्या काट्यांसारखे लख्ख निळे. माझा जीव त्या चिमुकल्या स्क्रूंवर.

जुनं निळं विटून तपकिरी होतं, चामड्याच्या म्यानात घासून नळीचं टोक रुपेरी पडतं. मग कुणीतरी हौसेने पुन्हा झिलई करून नवा रंग चढवतो आणि घात होतो. कडा गोलावतात, स्क्रूच्या भोकांच्या काठाला बशीसारखा खोलगट उतार येतो, अक्षरं पुसट होतात. इंग्रजीत कोल्ट म्हणजे शिंगरू. कंपनीच्या शिक्क्यातल्या त्या उधळलेल्या शिंगराचे पाय या झिलईत झिजून जातात. संग्राहकाला त्यापेक्षा विटलेलं तपकिरी परवडतं.

पारखी माणूस मुठीच्या लाकडी फळ्या हळूच काढून बघतो. तिथे हात पोचलेला नसतो, म्यानाचं चामडंही नाही. नशीब असेल तर आत बोटभर पट्टी कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशीच निळी असते.