एबीआर लॉग ४: सहा मिलिसेकंदावरची वेव्ह खोटी निघाली

मंडळी, मागच्या लॉगमध्ये एबीआरमधली (आवाज ऐकल्यावर मेंदूच्या खोडातून येणारा विद्युत प्रतिसाद) पाचवी वेव्ह सापडली असं लिहिलं होतं ते मागे घेतो. ती वेव्ह कानाची नव्हतीच, घरच्या लाइटची, म्हणजे विजेच्या सप्लायची होती. हे कसं कळलं ते नीट सांगतो, कारण घरी एबीआर घ्यायला बसलेला माणूस इथे कधी ना कधी अडकतोच.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. कानात क्लिक वाजवायचे, एक इलेक्ट्रोड डोक्याच्या टाळूवर, एक कानामागच्या हाडावर, ग्राउंड कपाळावर, आणि क्लिकनंतरच्या पहिल्या १० मिलिसेकंदात ब्रेनस्टेममधून (मेंदूच्या खोडातून) येणाऱ्या छोट्या छोट्या वेव्ह पकडायच्या. जुएट आणि विलिस्टन यांनी १९७१ मध्ये ज्यांना रोमन आकड्यांची नावं दिली त्याच ह्या. त्यातली सगळ्यात ठसठशीत पाचवी, पण तीही अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या आसपास, आणि वरून मानेच्या स्नायूंचा आणि ईईजीचा (मेंदूच्या बाकीच्या विद्युत हालचालींचा) गोंगाट १०-२० मायक्रोव्होल्ट. म्हणून २००० क्लिकची सरासरी काढायची, म्हणजे गोंगाट साधारण ४५ पट खाली बसतो. पण हे गणित फक्त क्लिकशी काही देणंघेणं नसलेल्या गोंगाटाला लागू आहे, आणि माझी सगळी गडबड तिथेच होती.

परवा रात्री सहज म्हणून इयरफोनची नळी दुमडली आणि तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. क्लिक चालू, इयरफोनला करंट जातोय, कानात मात्र काहीच ऐकू येत नाही. रन संपला, बघतो तर सहा मिलिसेकंदाला तोच उंचवटा, तसाच गोल! पुन्हा रन घेतला तर तो साडेसातला सरकलेला. पोटात गोळाच आला.

मग कागद घेऊन बसलो. मी सेकंदाला २५ क्लिक देत होतो, म्हणजे दर ४० मिलिसेकंदाला एक. लाइट ५० हर्ट्झची, तिची एक सायकल २० ची, म्हणजे प्रत्येक क्लिक बरोब्बर दोन सायकलनंतर पडतोय आणि लाइटची लहर दर वेळी त्याच जागी भेटतेय. सरासरीत ती कमी होणार कशी? त्यात माझा फिल्टर १०० हर्ट्झच्या खालचं कापतो, त्यामुळे ५० बरीच दबते पण १५० आणि २५० ची हार्मोनिक्स (५० च्या पटीतल्या लहरी) आरामात आत येतात, आणि १५० ची लहर १० मिलिसेकंदाच्या खिडकीत दीड सायकल मावते, दिसायला अगदी वेव्हसारखी. उंचवटा सरकत का होता तर ग्रिड कधीच नेमकी ५० वर नसते, थोडी खालीवर होत राहते. आधी मी ५० ची नॉच (फक्त तीच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावून पाहिली होती, काही फरक पडला नाही, पडणार कसा, १५० ला ती हातच लावत नाही.

क्लिकचा रेट २१.१ केला. बाकी काहीही न बदलता चिमट्याचा रन जवळजवळ सपाट झाला. खरंच सांगतो, ती सपाट रेघ बघून जेवढा आनंद झाला तेवढा त्या वेव्हचाही झाला नव्हता.

उरलेलं पटापट. इलेक्ट्रोडच्या वायरींची वेणी घातली. कानामागची त्वचा पुन्हा घासली, तिथे इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) १२ किलोओहम होता आणि टाळूला ३, असा फरक असला की अँप्लिफायर कितीही चांगला असो, लाइट आत शिरतेच. आता दोन्ही ४ च्या खाली आहेत. पंख्याचा रेग्युलेटर बंद (उकडतं, पण चालतं). लॅपटॉप आणि अँप्लिफायर दोन्ही बॅटरीवर, आणि ह्यात कृपया कुणीही तडजोड करू नका, इलेक्ट्रोड डोक्याला असताना चार्जर लावायचा म्हणजे नाही. क्लिकची पोलॅरिटी (हवा दाबणारा की ओढणारा) आलटून पालटून देतोय, त्याने सुरुवातीचा इयरफोनचा आर्टिफॅक्टही (इयरफोनच्या विजेचा खोटा सिग्नल) गेला.

काल रात्री चिमटा काढून दोन रन घेतले. दोन्हीत ६.६ मिलिसेकंदाला उंचवटा, एकावर एक ठेवले तर बसतात. नळी ३० सेंटीमीटरची आहे, तिचे सुमारे ०.९ वजा केले तर ५.७ उरतात, म्हणजे पाचवीची जागा. चिमटा लावला की गायब. पहिली आणि तिसरी अजून गोंगाटात आहेत.

आता आवाज १०-१० डेसिबलने उतरवत जाणार आहे. आवाज कमी केला की पाचवी उशिरा यायला हवी. तशी सरकली तरच मी तिला पाचवी म्हणेन.