तुम्ही विचारलंत म्हणून: हे शिकलात कुठं?

प्रदर्शनात मी घडवलेले चांदीचे दागिने मांडते. लोक आधी आडनाव वाचतात, मग विचारतात, "तुम्ही सोनारांच्यातल्या का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "मग हे शिकलात कुठं?"

कोल्हापूरजवळच्या हुपरीत, मावशीच्या घरच्या सोप्यात. हुपरीची चांदी सगळ्यांना ठाऊक, पण तिथलं बरंचसं काम घराघरांत चालतं. एकाकडं आटणी, म्हणजे चांदी वितळवणं, दुसऱ्याकडं तार, आणि पैंजणाच्या कड्या जोडायला बायकांकडं. मावशी माल वजनावर घ्यायची, वजनावरच परत द्यायची. बसायची चटई ती कधी दारात झटकायची नाही. धुळीतही चांदी असते. सुट्टीत आम्ही पोरं तिच्या शेजारी मांडी ठोकून कडीत कडी अडकवायचो. तिच्या कामाला मजुरी म्हणायचे. माझ्या कामाला आता कला म्हणतात. असो.

पुढं बी.कॉम., पतसंस्थेतली नोकरी, लग्न. त्यात सांगण्यासारखं काही नाही. चौतिसाव्या वर्षी कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ पेठेतल्या, एका म्हाताऱ्या कारागिराकडं शिकायला गेले. त्यांनी कितीतरी दिवस नुसती तार ओढायला लावली. जंत्री म्हणजे लहानमोठ्या भोकांची पोलादी पट्टी. तिच्या एका भोकातून तार काढायची, मग त्याहून बारीक भोकातून. ओढून ओढून तार कडक होते. मधेच तापवून नरम केली नाही तर तटकन तुटते. माझी रोज तुटायची.

पहिलं कानातलं झाळताना, म्हणजे ज्योतीवर सांधे जोडताना, ज्योत जरा जास्त वेळ थांबली. तार लाल झाली, चकाकली आणि आक्रसून गोळी होऊन बसली. मला रडू फुटायचं बाकी होतं. कारागीर म्हणाले, "अगं, हाच रवा. आता मुद्दाम कर बघू."

कोळशावर तारेचा तुकडा ठेवून ज्योत दिली की वितळलेली चांदी आपणहून गोल होते. तुकडे एका मापाचे कापले तर रवेही एका मापाचे. माझ्या कानातल्यांवरचे दाणे ते हेच. साचा नाही.

आणि हो, चांदी काळी पडते. निखळ चांदी फार मऊ, म्हणून ९२.५ भाग चांदीत ७.५ भाग तांबं असतं, त्यानं ती आणखी लवकर काळवंडते. रिठ्याच्या पाण्यात घासा, माझ्याशी भांडू नका.

पहिला जमलेला जोड मावशीला नेऊन दाखवला. तिनं नक्षीकडं बघितलंच नाही. तळहातावर तोलला, उजेडात धरून फिरवला आणि माझ्या हातात परत दिला.

"कडी उघडी राहिलीया बघ."